कोंबड्यांची जिवंत लस : गैरसमज आणि वस्तुस्थिती

नंदुरबार जिल्ह्यात कोंबडीपालनाची दोन अगदी वेगळी रूपे आहेत. नवापूरच्या आसपास हजारो कोंबड्या पिंजऱ्यांत ठेवून अंडी विकणारे लेअर फार्म, आणि धडगाव-अक्कलकुव्याकडे सातपुड्याच्या पाड्यांवर घरामागे चरणाऱ्या पाच-दहा देशी कोंबड्या. विषाणूंच्या रोगांपुढे दोन्हीकडचा मुख्य आधार एकच आहे : जिवंत लस. या लशीत रोगाचाच विषाणू असतो. फक्त त्याचा जोर मुळात कमी असतो किंवा प्रयोगशाळेत कमी केलेला असतो. तो कोंबडीच्या शरीरात शिरतो, वाढतो, आणि त्या वाढीमुळेच शरीर खऱ्या रोगाशी लढायला तयार होते. लशीचे बळ तिच्या जिवंत असण्यात आहे आणि तिच्या बहुतेक अडचणीही तिथूनच येतात. तिच्याविषयीचे गैरसमजही तिथेच रुजले आहेत. त्यांतल्या जवळपास प्रत्येकामागे कुणीतरी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले काहीतरी असते, म्हणून ते नुसते नाकारून चालत नाही.

“राणीखेतची लस दिली आहे, आता बर्ड फ्लूची भीती नाही.”

हा घोटाळा किती महाग पडू शकतो हे नवापूरने पाहिले आहे. २००६ च्या सुरुवातीला तिथल्या फार्मवर मरतूक सुरू झाली, तेव्हा ती राणीखेतची, म्हणजे मानमोडीची, असेच आधी धरले गेले. १८ फेब्रुवारी २००६ रोजी रोग एच५एन१ बर्ड फ्लू असल्याचे जाहीर झाले. नमुन्यांची तपासणी भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग प्रयोगशाळेत झाली होती. भारतात नोंदला गेलेला तो पहिला उद्रेक. त्यानंतर लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. २०२१ च्या फेब्रुवारीत याच तालुक्याला पुन्हा त्याच प्रसंगातून जावे लागले.

दोन रोगांची गल्लत होणे स्वाभाविक आहे. दोन्हींत अंडी एकदम घटतात, तुरा निळसर पडतो, डोके सुजते, श्वास घरघरतो आणि कोंबड्या पटापट मरतात. नुसत्या डोळ्यांनी, किंवा कोंबडी फाडून पाहिली तरी, खात्रीने फरक सांगता येत नाही. त्यासाठी प्रयोगशाळाच लागते. पण विषाणू म्हणून या दोघांचे नाते नाही. राणीखेतचा विषाणू पॅरामिक्सो कुळातला, बर्ड फ्लूचा ऑर्थोमिक्सो कुळातला. एकाविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे दुसऱ्याला ओळखतही नाहीत.

मग बर्ड फ्लूचीही अशीच जिवंत लस का काढत नाहीत? इन्फ्लुएंझा विषाणूचा जनुकसंच आठ सुट्या तुकड्यांत विभागलेला असतो. दोन वेगळे विषाणू एकाच पेशीत शिरले तर त्यांच्या तुकड्यांची अदलाबदल होऊन तिसराच विषाणू तयार होऊ शकतो. लशीतला सौम्य विषाणू आणि रानातून आलेला जहाल विषाणू एकाच शेडमध्ये भेटणे हा म्हणूनच न पत्करण्याजोगा धोका आहे. चीनने यावर एक वाट काढली : राणीखेतच्या सौम्य विषाणूच्या जनुकांतच बर्ड फ्लूच्या एच५ प्रथिनाचे जनुक बसवले आणि अशी जिवंत लस २००६ पासून वापरात आणली. भारताचे धोरण मात्र जहाल बर्ड फ्लूविरुद्ध लसीकरण न करता बाधित क्षेत्रातले पक्षी नष्ट करण्याचे आहे. आपल्याकडे मिळणारी बर्ड फ्लूची लस एच९एन२ या कमी जहाल प्रकाराविरुद्धची असून ती मृत विषाणूची आहे. ती एच५एन१ पासून वाचवत नाही. दुकानात कुणी वेगळे सांगितले तर ते मानू नये.

“लस दिली आणि चौथ्या दिवशी कोंबड्या मरू लागल्या. लसच रोग आणते.”

हे सांगणारा माणूस खोटे बोलत नसतो. त्याने लस दिली, आणि नंतर मरतूक पाहिली. अशा वेळी तीन वेगळ्या गोष्टी घडलेल्या असू शकतात आणि त्या तिन्हींची सरमिसळ होते.

सर्वांत जास्त वेळा घडते ते असे : शेजारच्या पाड्यावर कोंबड्या मरायला लागल्या की लशीची आठवण होते. राणीखेतचा विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण पाच-सहा दिवस जातात. हा काळ दोन दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंत कमी-जास्त होतो. लशीचे संरक्षण उभे राहायलाही आठवडा-दीड आठवडा लागतो. म्हणजे लस टोचली त्या दिवशी रोग आधीच अंगात असेल, तर लस त्याला गाठू शकत नाही. शिवाय एकाच सुईने आणि त्याच हातांनी सगळ्या कोंबड्या हाताळल्या, तर आजारी कोंबडीचा विषाणू निरोगी कोंबडीपर्यंत माणूसच पोहोचवतो. यात दोष उशिराचा आहे.

दुसरी गोष्ट, लशीची प्रतिक्रिया. राणीखेतची लासोटासारखी लस दिल्यावर तीन-चार दिवसांनी पिल्ले शिंकतात, थोडी सुस्तावतात. लशीतला विषाणू श्वासनलिकेच्या अस्तरात वाढतो आहे, याची ती खूण आहे. निरोगी कळपात ती काही दिवसांत ओसरते. शेडमध्ये अमोनियाचा उग्र वास कोंडलेला असेल किंवा मायकोप्लाझ्मा जंतूंचा जुना संसर्ग असेल, तर तीच प्रतिक्रिया लांबते, त्यावर ई-कोलाय जंतूंचा हल्ला होतो आणि पिल्ले दगावतात.

तिसरी गोष्ट, चुकीच्या वयात चुकीची लस. तिच्याविषयी पुढे.

“लस जितकी जहाल, तितकी पक्की.”

या समजुतीत बरेच तथ्य होते, म्हणून ती इतकी टिकली. राणीखेत हे नाव उत्तराखंडातल्या गावावरून पडले. १९२० च्या दशकाच्या अखेरीस तिथे या रोगाची नोंद झाली. इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला तो १९२६ साली दिसला, म्हणून जग त्याला न्यूकॅसल रोग म्हणते. १९४० च्या दशकात मुक्तेश्वरच्या पशुरोग संशोधन संस्थेत हा विषाणू कोंबडीच्या गर्भयुक्त अंड्यांतून पुन्हा पुन्हा वाढवून त्याचा जोर कमी करण्यात आला. तीच आजची आर टू बी लस. आर टू बी ने देशभरातल्या कोंबड्या वाचवल्या. तिचे संरक्षण दीर्घकाळ टिकते आणि ज्यांनी ती वापरली त्यांचा तिच्यावर विश्वास बसणे योग्यच होते.

पण आर टू बी मध्यम जहाल आहे. विषाणूची मारकता मोजण्यासाठी जे आंतरराष्ट्रीय मोजमाप वापरतात त्यात ०.७ च्या वर गेलेला विषाणू जहाल मानला जातो, आणि आर टू बी त्या रेषेच्या वर आहे. म्हणूनच ती सहा ते आठ आठवड्यांच्या पुढच्या पक्ष्यांनाच, आणि तीही आधी एफ किंवा लासोटासारखी सौम्य लस दिल्यावरच टोचायची असते. लहान पिल्लांना टोचली तर मानेला झटके, लुळेपणा आणि मरतूक येऊ शकते. अंड्यावर आलेल्या कोंबड्यांना दिली तर अंडी घटतात. ‘लसच रोग आणते’ ही समजूत अनेक ठिकाणी याच चुकीतून जन्मली आहे.

गंबोरोच्या बाबतीतही हेच घडते. या रोगाचा विषाणू पिल्लाच्या बर्सा या ग्रंथीवर हल्ला करतो. प्रतिकारशक्तीच्या पेशी तिथेच घडत असतात. भारतात १९९० च्या दशकात गंबोरोचा अतिजहाल प्रकार पसरला तेव्हा लशीही अधिक जोरकस आल्या, ज्यांना बाजारात ‘इंटरमीडिएट प्लस’ म्हणतात. आईकडून अंड्यातून आलेली प्रतिपिंडे सौम्य लशीला दाबून टाकतात. जोरकस लस त्यांना लवकर भेदते. हा तिचा खरा फायदा. पण तीच लस गरज नसताना किंवा फार लवकर दिली, तर ती स्वतःच बर्साला इजा करते, आणि मग त्या पिल्लांत राणीखेतची लसही नीट लागत नाही. लस निवडताना तिचा जोर पाहण्याआधी पिल्लांमधली आईची प्रतिपिंडे किती उरली आहेत हे रक्ततपासणीने पाहणे शहाणपणाचे. मोठ्या फार्मला ते परवडते. न परवडणाऱ्याने निदान हॅचरीकडून पिल्लांच्या आईकळपाचे लसीकरण विचारून घ्यावे.

लस सुधारणे म्हणजे तिला अधिक जहाल करणे नव्हे. राणीखेतच्या विषाणूची मारकता बऱ्याच अंशी त्याच्या एका प्रथिनातल्या लहानशा जागेवर ठरते. ती जागा शरीरातल्या कुठल्याही पेशीत तुटत असेल तर विषाणू मेंदूपर्यंत पोहोचतो. फक्त श्वासनलिकेत आणि आतड्यात तुटत असेल तर तो तिथेच थांबतो. १९९९ मध्ये या विषाणूचा पूर्ण जनुकसंच प्रयोगशाळेत घडवून त्यातून जिवंत विषाणू मिळवणे जमले. तेव्हापासून ही जागा नेमकी बदलून जहाल विषाणूला सौम्य करता येते. पूर्वी अंड्यांतून वर्षानुवर्षे विषाणू फिरवून जे अंदाजाने साधावे लागे, ते आता ठरवून करता येते.

“लासोटा १९४६ ची. आजच्या विषाणूवर ती चालत नाही.”

लासोटाचा मूळ विषाणू १९४६ साली अमेरिकेत न्यू जर्सीतल्या फार्मवर मिळाला, हे खरे. आज भारतात फिरणारे राणीखेतचे विषाणू जनुकीयदृष्ट्या तिच्यापासून बरेच दूर गेले आहेत, हेही खरे. लस दिलेल्या कळपात रोग दिसला की या दोन खऱ्या गोष्टी जोडून निष्कर्ष काढला जातो आणि तिथे चूक होते. राणीखेतच्या विषाणूचे जनुकीय प्रकार अनेक असले तरी प्रतिपिंडांच्या दृष्टीने त्याचा प्रकार एकच आहे. नीट दिलेली लासोटा आजही कोंबडीला मरणातून वाचवते. तिची उणीव दुसरीकडे आहे : लस घेतलेली कोंबडी आजारी न पडताही जहाल विषाणू विष्ठेतून आणि श्वासातून काही दिवस बाहेर टाकू शकते. फिरत्या विषाणूशी जुळणारी लस हे विसर्जन अधिक कमी करते असे प्रयोगांत दिसले आहे. नव्या लशींची खरी गरज इथे आहे, आणि ती मोठी आहे. पण नवी येईपर्यंत जुनी सोडून देणे म्हणजे कळप उघड्यावर टाकणे.

कळपात लस ‘फेल’ गेली असे वाटते तेव्हा विषाणू बदलल्याचा संशय सर्वांत शेवटी घ्यावा. आधी पाण्याची टाकी आणि फ्रिज पाहावा.

“कुपी बर्फात आणली होती, म्हणजे लस चांगलीच आहे.”

लशीच्या एका मात्रेत संसर्ग करू शकणारे विषाणू साधारण दहा लाख असावेत अशी अपेक्षा असते. ते जिवंत असतील तरच उपयोग; मेलेले विषाणू इतक्या थोड्या प्रमाणात काहीच करत नाहीत. कोरडी कुपी २ ते ८ अंश सेल्सिअसला टिकते. पाणी घालून विरघळवलेली लस मात्र तास-दोन तासांतच संपवावी लागते, आणि नंदुरबारच्या चाळिशीपार गेलेल्या उन्हाळ्यात तर त्याहून लवकर. मेलेली लस दिसायला जिवंत लशीसारखीच असते. रंग, वास काही बदलत नाही. म्हणून हा गैरसमज मोडणे सर्वांत अवघड जाते.

पिण्याच्या पाण्यातून लस देताना आणखी एक घात होतो. टाकीत ब्लीचिंग पावडर किंवा क्लोरीनच्या गोळ्या टाकलेल्या असतात. कोंबड्यांच्या आरोग्यासाठी ते चांगलेच, पण क्लोरीन लशीतला विषाणू काही मिनिटांत मारतो. लशीच्या आधी निदान एक दिवस पाण्यात कोणतेही जंतुनाशक नको, भांडी साबणाने धुतलेली नकोत, आणि प्रति लिटर दोन-तीन ग्रॅम स्निग्धांशरहित दूध पावडर मिसळावी. ती उरलेसुरले क्लोरीन निष्प्रभ करते. कोंबड्या आधी तास-दोन तास तहानलेल्या ठेवाव्यात, म्हणजे सगळ्या पाण्यावर येतात. आणि हजार मात्रांची कुपी दीड हजार पक्ष्यांना पुरवू नये. ज्यांना कमी मिळाली त्यांच्यात विषाणूला वाट सापडते.

पाड्यांवर अडचण वेगळी आहे. कुपी शंभर किंवा त्याहून जास्त मात्रांची आणि घरात कोंबड्या आठ. फोडलेली कुपी उद्यावर ठेवता येत नाही. अक्कलकुव्याकडे मोलगीच्या पुढे डोंगरात बर्फ पोहोचवणे हेच काम. या अडचणीवर जगात सर्वांत उपयोगी ठरलेली सुधारणा म्हणजे उष्णता सोसणारी लस. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये मिळालेल्या निरुपद्रवी विषाणूंपासून व्ही-४ आणि आय-२ या लशी तयार झाल्या. विषाणू ५६ अंशांला तापवून त्यातले तगून राहणारे निवडण्यात आले. आय-२ ची लस टांझानिया, मोझांबिकसारख्या देशांत डोळ्यात थेंब टाकून गावोगाव दिली गेली. हे काम शिकवलेल्या गावकऱ्यांनीच केले. अशा लशीला फ्रिज मुळीच नको असे नाही, पण शेवटच्या काही दिवसांचा प्रवास ती फ्रिजविना निभावते. सातपुड्यासारख्या प्रदेशासाठी याहून महत्त्वाचे संशोधन क्वचितच असेल. अशी लस पाड्यांवर पोहोचेपर्यंत साधा उपाय आहे : पूर्ण पाड्याने एकाच सकाळी, कोंबड्या खुराड्यातून सोडण्याआधी, एकत्र लस घ्यावी. एक कुपी, दहा-बारा घरे.

“देशी कोंबडी काटक असते, तिला लस लागत नाही.”

देशी कोंबडी ऊन, उपास आणि परजीवी सोसते, त्यामुळे ती रोगही सोसेल असे वाटते. पण राणीखेतच्या जहाल विषाणूपुढे लस न मिळालेला देशी कळपही जवळपास सगळा संपू शकतो. साथ येऊन गेल्यावर एखाद-दुसरी कोंबडी उरते, तिची पिल्ले वाढतात, आणि ती उरलेली कोंबडीच काटकपणाचा पुरावा म्हणून दाखवली जाते. मेलेल्यांची मोजणी कुणी ठेवत नाही. काही जण म्हणतात, मानमोडी उन्हाबरोबर, वाऱ्याबरोबर येते. प्रत्यक्षात त्याच दिवसांत, होळीच्या आधी, भोंगऱ्या बाजार भरतात, घरोघरी कोंबड्या विकत घेतल्या जातात, आणि आजारी दिसणारी कोंबडी नुकसान टाळण्यासाठी घाईने बाजारात नेली जाते. विषाणू पिशवीतून आणि टोपलीतून एका पाड्यावरून दुसऱ्यावर जातो. ऋतू तोच असल्याने दोष वाऱ्यावर येतो. सण-बाजारांच्या तीन-चार आठवडे आधी लस दिली, तर हे गणित बदलते.

“लशींनीच विषाणूंना जहाल बनवले.”

हा आक्षेप अभ्यासू माणसेही घेतात, आणि त्याला उत्तर देताना लपवाछपवी करू नये. मॅरेक्स रोगाची लस कोंबडीला गाठींपासून वाचवते, पण विषाणूचा प्रवेश आणि प्रसार पूर्ण थांबवत नाही. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसले की अतिजहाल विषाणूने लस न घेतलेले पक्षी इतक्या लवकर मेले की ते तो पसरवू शकले नाहीत. लस घेतलेले जगले आणि कित्येक दिवस पसरवत राहिले. दुसरे उदाहरण ऑस्ट्रेलियाचे. तिथे श्वासनलिकेच्या आयएलटी या रोगासाठी दोन वेगळ्या मूळच्या जिवंत लशी वापरात होत्या; त्यांच्या विषाणूंची जनुके एकमेकांत मिसळून नवे जहाल विषाणू तयार झाले, हे २०१२ मध्ये सिद्ध झाले.

पण यावरून ‘लस नको’ हा निष्कर्ष निघत नाही. मॅरेक्सच्या त्याच प्रयोगात वाचले ते लस घेतलेलेच पक्षी. हॅचरीत पहिल्याच दिवशी ही लस टोचली नाही, तर लेअरचा धंदा उभाच राहत नाही. या दोन्ही उदाहरणांतून संशोधनाची दिशा मात्र ठरली : विषाणूचा प्रसारही थांबवणाऱ्या लशी, मूळ रूपाकडे परतू न शकणारे विषाणू, आणि टर्कीच्या निरुपद्रवी हर्पिस विषाणूवर राणीखेत किंवा गंबोरोचे एकच जनुक बसवलेल्या वाहक लशी. फार्मवाल्यासाठी यातून निघणारा नियम सोपा आहे. आयएलटीची जिवंत लस साथ नसलेल्या भागात ‘असू द्या’ म्हणून देऊ नये, आणि एकाच कळपात वेगवेगळ्या कंपन्यांच्या आयएलटी लशी मिसळू नयेत.

“लस दिलेल्या कोंबडीची अंडी, मांस खाऊ नये.”

या लशींचे विषाणू माणसात रोग पसरवत नाहीत. अपवाद एवढाच की राणीखेतची लस देणाऱ्याच्या डोळ्यात थेंब उडाला तर काही दिवस डोळे येतात. म्हणून चष्मा घालावा आणि हात धुवावेत. शिजवलेल्या अंड्या-मांसात हा विषाणू उरत नाही.

“कळवले तर सगळ्याच कोंबड्या मारतील; गप्प राहिलेले बरे.”

ही भीती नवापूरच्या अनुभवातून आलेली आहे आणि ती समजण्यासारखी आहे. पण गप्प राहिल्याने नुकसान वाढते. बर्ड फ्लूच्या उद्रेकात सरकारी भरपाई मिळते ती मोहिमेत मारलेल्या पक्ष्यांची, आणि नष्ट केलेल्या अंड्यांची व खाद्याची. आधीच मेलेल्या कोंबड्यांची नाही. उशिराचा प्रत्येक दिवस भरपाईच्या यादीतून पक्षी कमी करतो आणि शेजारच्या शेडमध्ये विषाणू घालतो. २००९ च्या केंद्रीय कायद्यानुसार राणीखेत आणि बर्ड फ्लू दोन्हींची खबर देणे मालकावर बंधनकारकही आहे. लस दिलेली असो वा नसो, एकाएकी मरतूक वाढली तर मेलेली कोंबडी नाल्यात टाकू नये, बाजारात नेऊ नये, कापू नये. त्याच दिवशी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात सांगावे आणि लशीच्या रिकाम्या कुपीवरचा बॅच नंबर सोबत न्यावा.